भाड्यासाठी घरखरेदी : पुणे-नाशिक मार्गावरील नगरांचा तुलनात्मक विचार (महाळुंगे पडवळ परिसराच्या विशेष संदर्भात)

सारांश

निवृत्तीनंतरच्या उत्पन्नासाठी अथवा जमीनविक्रीतून हाती आलेल्या रकमेचा विनियोग म्हणून भाड्याने देण्याजोगे घर विकत घेण्याची प्रवृत्ती जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील नोकरदार आणि शेतकरी कुटुंबांत रुजलेली आहे. असे घर कोणत्या नगरात घ्यावे, या प्रश्नाचे उत्तर बहुधा किमती कोठे वाढतील या अंदाजावर दिले जाते. प्रस्तुत लेखात ब्रिटनमधील प्रादेशिक शहरांच्या अनुभवाचा आधार घेऊन तुलनेचे निकष मांडले आहेत आणि ते पुणे, पिंपरी-चिंचवड, चाकण, नाशिक व मंचर-नारायणगाव या नगरांना लावून पाहिले आहेत. स्थूल भाड्याऐवजी निव्वळ भाडे, भाडेकरूच्या रोजगाराची विविधता, मालमत्तेच्या हक्काची स्पष्टता आणि मालकाच्या देखरेखीचे अंतर हे चार निकष किंमतवाढीच्या अंदाजापेक्षा अधिक विश्वसनीय ठरतात, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : भाडे-परतावा, गृहगुंतवणूक, भाडे नियंत्रण, लिव्ह अँड लायसन्स, औद्योगिक नगरे, पुणे जिल्हा.

१. प्रस्तावना

महाळुंगे पडवळ हे आंबेगाव तालुक्यातील गाव हुतात्मा बाबू गेनू यांचे जन्मगाव म्हणून महाराष्ट्राला परिचित आहे. मुंबईत गिरणी कामगार असलेल्या बाबू गेनूंनी १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवी भागात विदेशी कापडाचा ट्रक अडवताना प्राण दिले. त्यांच्या हौतात्म्याचा इतिहास सर्वज्ञात आहे. परंतु त्यांच्या जीवनक्रमात या परिसराचा एक आर्थिक इतिहासही दडलेला आहे. पावसावर अवलंबून असलेली शेती, त्यामुळे रोजगारासाठी शहराकडे जाणे आणि तेथे दुसऱ्याच्या खोलीत भाड्याने राहणे हा क्रम येथील अनेक पिढ्यांनी अनुभवला. खेड, आंबेगाव, जुन्नर, मावळ या तालुक्यांतील माणसे मुंबईत गिरण्यांत, गोद्यांत आणि डबेवाहतुकीच्या व्यवसायात स्थिरावली ती भाडेकरू म्हणूनच.

आज हे चित्र अंशतः उलटे झाले आहे. घोड आणि कुकडी खोऱ्यांत कालव्यांचे पाणी आले, दूध व भाजीपाल्याचा व्यापार वाढला, पुणे-नाशिक महामार्गाच्या कामासाठी काही जमिनी संपादित झाल्या आणि शिक्षक, प्राध्यापक, बँक कर्मचारी असा नोकरदार वर्ग गावोगाव निर्माण झाला. भाड्याने राहणाऱ्यांची नातवंडे आता घरमालक होण्याचा विचार करीत आहेत.

महाविद्यालयीन अध्यापकांच्या दृष्टीनेही हा विषय केवळ अभ्यासाचा नाही. १ नोव्हेंबर २००५ रोजी अथवा त्यानंतर राज्यशासनाच्या सेवेत आलेल्या कर्मचाऱ्यांना जुन्या निवृत्तिवेतन योजनेऐवजी परिभाषित अंशदान योजना लागू करण्यात आली. निवृत्तीनंतरचे उत्पन्न आपल्याच बचतीच्या गुंतवणुकीवर अवलंबून राहणार, ही जाणीव त्यातून आली. वेतन आयोगाची थकबाकी, भविष्यनिर्वाह निधीतील रक्कम आणि बँकेचे कर्ज एकत्र करून सदनिका घेण्याकडे कल वाढला तो याच जाणिवेतून. त्यामुळे या निर्णयाचे गणित नीट समजून घेणे आवश्यक ठरते.

२. संकल्पना आणि ब्रिटनमधील अनुभव

स्वतः राहण्यासाठी नव्हे, तर भाडे मिळवण्यासाठीच घर विकत घेणे या व्यवहाराला ब्रिटनमध्ये स्वतंत्र नाव आणि स्वतंत्र कर्जप्रकार आहे. १९८८ च्या गृहनिर्माण कायद्याने तेथे खासगी भाड्यावरील नियंत्रण शिथिल झाले व ठरावीक मुदतीनंतर घर परत मिळण्याची शाश्वती मालकाला लाभली. १९९६ मध्ये भाड्यासाठी घरखरेदी करणाऱ्यांना विशेष कर्ज देण्यास प्रारंभ झाला. या कर्जात बहुधा मुदतीपर्यंत केवळ व्याज भरावयाचे असते आणि अपेक्षित भाडे त्या व्याजापेक्षा पुरेसे अधिक आहे काय, हे पाहूनच कर्ज मंजूर होते. भाड्यातून व्याज भागून शिल्लक उरणे हा या संपूर्ण व्यवस्थेचा पाया आहे.

लंडनमध्ये घरांच्या किमती भाड्याच्या मानाने फार चढ्या असल्याने गुंतवणूकदारांचे लक्ष लिव्हरपूल, मँचेस्टर, लीड्स, शेफील्ड, नॉटिंगहॅम अशा प्रादेशिक शहरांकडे वळले. तेथे किमती कमी आणि विद्यार्थी व नोकरदार भाडेकरूंची मागणी चांगली, त्यामुळे किमतीशी भाड्याचे प्रमाण लंडनपेक्षा सरस दिसत असे.

या अनुभवाची दुसरी बाजूही लक्षणीय आहे. २००० नंतरच्या काही वर्षांत लीड्स व मँचेस्टरच्या मध्यवर्ती भागांत एकाच धर्तीच्या लहान सदनिका मोठ्या संख्येने बांधल्या गेल्या. त्यांतील अनेक दूरच्या गुंतवणूकदारांनी नकाशा पाहून घेतल्या होत्या. सगळ्यांचा अपेक्षित भाडेकरू एकाच प्रकारचा असल्याने त्या सदनिका परस्परांच्याच स्पर्धक ठरल्या. २००८ च्या आर्थिक संकटात त्यांच्या किमती घसरल्या. याच वर्षी सप्टेंबरमध्ये या कर्जप्रकारात अग्रेसर असलेल्या ब्रॅडफर्ड अँड बिंगली या संस्थेचे राष्ट्रीयीकरण करावे लागले. पुढे शासनाचे धोरणही बदलले. २०१६ पासून अतिरिक्त घराच्या खरेदीवर जादा मुद्रांक आकारणी सुरू झाली आणि २०१७ ते २०२० या काळात कर्जावरील व्याजाची करसवलत टप्प्याटप्प्याने सीमित करण्यात आली.

या अनुभवातून तीन बोध मिळतात. स्थूल भाडे-परतावा हा तुलनेचा केवळ आरंभबिंदू आहे. एकाच नमुन्याच्या घरांचा अतिपुरवठा हा मागणीच्या अभावाइतकाच घातक असतो. आणि दूर राहणाऱ्या मालकास स्थानिक परिस्थितीतील बदल सर्वांत उशिरा कळतो.

३. मुंबईतील पूर्वानुभव

महाराष्ट्रापुरते पाहता भाड्यासाठी इमारत बांधणे ही कल्पना नवी नाही. मुंबईतील खासगी चाळी हे तिचेच रूप होते. गिरण्यांच्या परिसरात भाडेकरूंची खात्रीची मागणी असल्याने धनिकांनी चाळी बांधल्या व पिढ्यान्‌पिढ्या भाडे घेतले. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने प्रमाणभूत भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीशी बांधले गेले. महागाई वाढत गेली. भाडे मात्र तेथेच थांबले. मालकाला दुरुस्ती परवडेना, भाडेकरूला जागा सोडणे परवडेना आणि त्यातून पागडीची पद्धत बळावली. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर त्या वस्तीचा रोजगाराचा आधारही ढासळला.

या इतिहासाचा परिणाम दूरगामी झाला. भाडेकरू ठेवला की घर गेले, ही धारणा समाजमनात इतकी खोल रुजली की भाड्याने देण्यापेक्षा कुलूप लावणे सुरक्षित मानले जाऊ लागले. केंद्र शासनाच्या २०१७-१८ च्या आर्थिक पाहणीत नमूद केल्यानुसार शहरी भागातील भाड्याच्या घरांचे प्रमाण १९६१ मध्ये ५४ टक्के होते, ते २०११ पर्यंत २८ टक्क्यांवर आले. याच काळात रिकाम्या घरांची संख्या वाढली असून २०११ च्या जनगणनेनुसार शहरी रिकाम्या घरांत महाराष्ट्र देशात अग्रस्थानी होता. घरांची टंचाई आणि बंद घरे एकाच शहरात नांदतात, या विसंगतीचे एक प्रमुख कारण या पूर्वानुभवात शोधता येते.

४. तुलनेचे निकष

नगरांची तुलना करताना पुढील चार निकष उपयुक्त ठरतात.

(अ) निव्वळ भाडे-परतावा : वार्षिक भाड्यास घराच्या किमतीने भागल्यास स्थूल परतावा मिळतो. परंतु घर वर्षभर भरलेले राहत नाही. देखभाल शुल्क, मालमत्ता कर, रंगरंगोटी, मध्यस्थाचे कमिशन हे खर्च मालकाचेच असतात. शिवाय गुंतवलेली रक्कम म्हणजे केवळ घराची किंमत नव्हे. मुद्रांक शुल्क, नोंदणी आणि घर राहण्याजोगे करण्याचा खर्च तीत मिळवावा लागतो. हे सर्व हिशेबात घेऊन उरतो तो निव्वळ परतावा.

(आ) रोजगाराची विविधता : भाडे हे अंतिमतः भाडेकरूच्या वेतनातून येते. म्हणून नगरातील भाडेकरू किती वेगवेगळ्या उद्योगांवर व संस्थांवर अवलंबून आहेत, हे पाहणे अगत्याचे ठरते.

(इ) हक्काची स्पष्टता : बिगरशेती परवानगी, मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र आणि सात-बारा किंवा मिळकतपत्रिकेवरील नोंद यांशिवाय मिळणारे जादा भाडे हे वस्तुतः जोखमीचे मोल असते.

(ई) देखरेखीचे अंतर : गावी राहून शंभर-दीडशे किलोमीटरवरील घर सांभाळणे आणि सकाळी जाऊन दुपारी परत येता येईल अशा अंतरावरील घर सांभाळणे यांत मोठा फरक आहे.

५. नगरांची तुलना

पुणे : २०११ च्या जनगणनेनुसार ३१ लाखांहून अधिक लोकसंख्येच्या या शहरात भाडेकरूंची विविधता सर्वाधिक आहे. विद्यार्थी, माहिती तंत्रज्ञान क्षेत्रातील कर्मचारी, लष्करी व शासकीय आस्थापना, रुग्णालये, व्यापार असे अनेक आधार येथे एकत्र आहेत. एक आधार क्षीण झाला तरी दुसरा उभा राहतो. तथापि सर्व भाग सारखे नाहीत. हिंजवडी परिसरातील सदनिकांचा भाडेकरू प्रामुख्याने एकाच क्षेत्रातील आहे. २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे कार्यालये बंद होऊन घरून काम सुरू झाले, तेव्हा अशा भागांतील अनेक भाडेकरू आपापल्या गावी परतले व सदनिका रिकाम्या झाल्या. ब्रिटनमधील मध्यवर्ती सदनिकांच्या अनुभवाशी याचे साम्य आहे. पुण्यात हक्काची कागदपत्रे तुलनेने व्यवस्थित मिळतात. परंतु किमती चढ्या असल्याने भाड्याचे प्रमाण कमी राहते.

पिंपरी-चिंचवड : १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना आणि त्यानंतर औद्योगिक विकास महामंडळाची वसाहत यांमुळे हे नगर घडले. लोकसंख्या २००१ मध्ये १०.१२ लाख होती, ती २०११ मध्ये १७.२७ लाख झाली. भोसरी, मोशी, चिखली या भागांत जुन्नर, आंबेगाव, खेड तालुक्यांतून आलेली कुटुंबे मोठ्या संख्येने वसलेली असल्याने महाळुंगे पडवळसारख्या गावातील खरेदीदारास तेथे नातेवाइकांचा आधार मिळतो. देखरेखीच्या दृष्टीने हा मोठाच लाभ होय. या नगराची लवचीकताही लक्षात घेण्याजोगी आहे. २००७ मध्ये आकुर्डी येथील बजाज ऑटोच्या कारखान्यातील उत्पादन थांबले, तरी सुटे भाग बनवणारे असंख्य लहान कारखाने व वाढता सेवाव्यवसाय यांमुळे भाडेकरूंची मागणी कायम राहिली. उणी बाजू अशी की, येथील काही वस्त्या गुंठेवारीच्या भूखंडांवर विनापरवाना उभ्या राहिलेल्या आहेत.

चाकण : कांद्याची बाजारपेठ म्हणून ओळखले जाणारे हे गाव दोन दशकांत वाहन उद्योगाचे केंद्र झाले. फोक्सवॅगन व मर्सिडीज-बेंझ यांचे कारखाने येथे २००९ मध्ये सुरू झाले; बजाज व महिंद्र यांचेही प्रकल्प आहेत. कंत्राटी व परप्रांतीय कामगारांना लागणाऱ्या एकेका खोलीची मागणी येथे प्रचंड आहे. म्हणूनच गुंठ्या-दोन गुंठ्यांत सहा-आठ खोल्यांची चाळ बांधून भाडे घेण्याची पद्धत रूढ झाली. गुंतवणुकीशी भाड्याचे प्रमाण येथे सर्वांत अधिक दिसते. परंतु भाडेकरूंचा रोजगार बहुतांशी वाहन उद्योगाच्या तेजी-मंदीशी जोडलेला आहे. या जोखमीचे उदाहरण शेजारच्या तळेगावात दिसले. जनरल मोटर्सचा २००८ मध्ये सुरू झालेला तेथील कारखाना २०२० च्या अखेरीस उत्पादन थांबवून बंद झाला. पुढे २०२३ मध्ये ह्युंदाईने तो घेण्याचा करार केला. अशा मधल्या काळात त्या एका कारखान्यावर विसंबून बांधलेल्या खोल्यांच्या मालकाला रिकामे महिने सोसावे लागणे अपरिहार्य असते.

नाशिक : महामार्गाच्या दुसऱ्या टोकाचे हे शहर मंचरपासून सुमारे १५० किलोमीटरवर आहे. २०११ मध्ये लोकसंख्या १४.८६ लाख होती. सातपूर व अंबड येथील औद्योगिक वसाहती, ओझरचा विमान कारखाना, भारत प्रतिभूती मुद्रणालय, शिक्षणसंस्था आणि तीर्थक्षेत्राचा व्यवहार असे आधार येथे आहेत. पुण्याच्या तुलनेत किमती कमी असल्याने कमी भांडवलात स्वच्छ कागदपत्रांची सदनिका मिळू शकते. कुंभमेळ्यासारख्या पर्वकाळातील मागणी मात्र तात्पुरती असते. तीवर दीर्घकालीन भाड्याचा हिशेब आधारू नये. आंबेगाव-जुन्नरच्या मालकासाठी मुख्य अडचण अंतराची आहे. या तालुक्यांतील स्थलांतराचा ओघ पूर्वापार मुंबई-पुण्याकडे राहिल्याने नाशिकमध्ये आप्तांचा आधार कमी असतो.

मंचर व नारायणगाव : तुलनेत बहुधा दुर्लक्षित राहणारा हा पर्याय होय. मंचर येथे उपजिल्हा रुग्णालय, बाजार समिती, बँका व महाविद्यालय आहे. जवळच अवसरी खुर्द येथे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. नारायणगाव टोमॅटोच्या बाजारामुळे प्रसिद्ध असून खोडदची महाकाय रेडिओ दुर्बीण तेथून जवळ आहे. भाडेकरू म्हणून बदलीवर आलेले कर्मचारी, शिक्षक, परिचारिका, विद्यार्थी व व्यापारी मिळतात. त्यांची संख्या मर्यादित आहे. एकाच वेळी चार नवीन इमारती उभ्या राहिल्या तर भाडे उतरते. परंतु भाडेकरूचा रोजगार स्थिर असतो, मध्यस्थाची गरज पडत नाही आणि मालक स्वतः लक्ष ठेवू शकतो. राहत्या घराच्या वर बांधलेल्या दोन खोल्यांना तर जमिनीची वेगळी किंमतही मोजावी लागत नाही.

येथे एक व्यावहारिक सावधगिरी नोंदवणे इष्ट ठरेल. पुणे जिल्ह्यात महाळुंगे नावाची एकाहून अधिक गावे आहेत. आंबेगाव तालुक्यातील महाळुंगे पडवळ, चाकण औद्योगिक क्षेत्रातील खेड तालुक्याचे महाळुंगे इंगळे आणि बालेवाडी क्रीडासंकुलाजवळचे मुळशी तालुक्याचे महाळुंगे यांच्या जमिनीच्या भावांत आणि भाड्यात कोणतेही साम्य नाही. जाहिरातीतील दर वाचताना तालुका व गट क्रमांक पाहणे म्हणूनच अत्यावश्यक आहे.

६. परताव्याचे गणित

पुढील आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत; पद्धत समजावी एवढाच त्यांचा हेतू आहे.

महानगरपालिका हद्दीतील ४० लाख रुपयांची जुनी पण सुस्थितीतील सदनिका दरमहा १२,००० रुपये भाड्याने जाते असे मानू. वार्षिक भाडे १,४४,००० रुपये म्हणजे स्थूल परतावा ३.६ टक्के. आता एकूण गुंतवणूक पाहू.

तक्ता क्र. १ : एकूण गुंतवणूक (रुपये)
घराची किंमत : ४०,००,०००
मुद्रांक शुल्क (७ टक्के) : २,८०,०००
नोंदणी शुल्क : ३०,०००
दुरुस्ती व सोयी : १,५०,०००
एकूण : ४४,६०,०००

तक्ता क्र. २ : निव्वळ वार्षिक भाडे (रुपये)
अकरा महिन्यांचे भाडे (एक महिना घर रिकामे) : १,३२,०००
वजा सोसायटीचे देखभाल शुल्क : २४,०००
वजा मालमत्ता कर : ६,०००
वजा दुरुस्ती व रंग : १०,०००
वजा मध्यस्थाचे कमिशन (वार्षिक सरासरी) : ६,०००
वजा करारनोंदणी : २,०००
निव्वळ भाडे : ८४,०००

८४,००० रुपयांचे ४४,६०,००० रुपयांशी प्रमाण सुमारे १.९ टक्के येते. ३.६ टक्के वाटणारा परतावा प्रत्यक्षात जवळजवळ निम्मा झाला.

हीच रक्कम ६.५ टक्के व्याजाच्या मुदतठेवीत ठेवल्यास वर्षाला सुमारे २ लाख ९० हजार रुपये मिळतील. म्हणजे घरमालकास दरवर्षी सुमारे २ लाख ६ हजार रुपयांची तूट सोसावी लागते. भाडेवाढ आणि तुटीवरील व्याज हे दोन्ही परस्परविरोधी घटक बाजूला ठेवल्यास दहा वर्षांनी ते घर किमान ६५ लाखांना विकले गेले तरच दोन्ही पर्याय समसमान ठरतात. त्यासाठी किंमत चक्रवाढीने दरसाल सुमारे ५ टक्के वाढावी लागेल. आणि दहा वर्षांत जुनी झालेली इमारत नव्या इमारतींशी स्पर्धा करीत असेल, हेही लक्षात घ्यावे लागेल. घराच्या बाजूने दोन गोष्टी नमूद केल्या पाहिजेत. भाडे महागाईबरोबर वाढू शकते, ठेवीचे मुद्दल तसेच राहते. तसेच पालिकेचा कर वजा करून उरलेल्या भाड्यातून आयकरासाठी ३० टक्के सरसकट वजावट मिळते, व्याजावर अशी वजावट नाही. या लाभांनी तफावत कमी होते, नाहीशी होत नाही.

कर्ज काढून खरेदी केल्यास चित्र अधिक गंभीर होते. ३० लाख रुपयांच्या वीस वर्षांच्या कर्जावर ८.५ टक्के व्याजदराने मासिक हप्ता सुमारे २६,००० रुपये येतो. १२,००० रुपयांचे भाडे त्याच्या निम्मेही नाही. भाड्यातून हप्ता परस्पर फिटेल, हे बांधकाम व्यावसायिकांच्या जाहिरातीतील वाक्य म्हणूनच तपासून घ्यावे लागते. ब्रिटनमधील व्यवस्थेचा पाया भाडे व्याजापेक्षा अधिक असण्यावर आहे. येथे व्याजाचा दर स्थूल भाड्याच्या दराच्या दुपटीहून अधिक आहे. नाव सारखे असले तरी दोन्ही व्यवहार मूलतः भिन्न आहेत. तेथील गुंतवणूकदार भाडे विकत घेतो. येथील गुंतवणूकदार बहुतांशी किंमतवाढीची आशा विकत घेतो.

आता चाकणच्या खोल्यांचा विचार करू. भूखंड व बांधकाम मिळून ३० लाख रुपये खर्च आला आणि सहा खोल्यांचे प्रत्येकी ४,००० रुपये भाडे आले, तर वार्षिक भाडे २,८८,००० रुपये म्हणजे स्थूल परतावा ९.६ टक्के. दोन महिन्यांची रिकामी मुदत धरून २,४०,००० रुपये हाती येतात. पाणी, सामाईक वीज, दुरुस्ती व भाडेवसुलीसाठी ६०,००० रुपये गेले तरी निव्वळ परतावा ६ टक्के राहतो. सदनिकेपेक्षा तो तिपटीहून अधिक आहे. परंतु भूखंड बिगरशेती नसेल व नकाशा मंजूर नसेल तर कर्ज मिळत नाही, विक्रीला ग्राहक कमी मिळतो आणि अतिक्रमणविरोधी कारवाईची टांगती तलवार राहते. एकदा जरी बांधकाम पाडले गेले तर अनेक वर्षांचे भाडे एका दिवसात जाते. उलट बिगरशेती भूखंड व मंजूर नकाशा घेऊन बांधल्यास खर्च वाढून परतावा उतरतो. म्हणजे ६ टक्के आणि १.९ टक्के यांतील बराचसा फरक हा कागदपत्रांच्या उणिवेची भरपाई आहे.

७. कायदेशीर बाजू

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आला. निवासी घर लिव्ह अँड लायसन्स पद्धतीने दिल्यास मुदत संपताच जागा रिकामी करणे परवानाधारकास बंधनकारक आहे. न केल्यास सक्षम प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते व ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट भरपाई मिळण्याची तरतूद कलम २४ मध्ये आहे. जुन्या चाळमालकांवर आलेली वेळ टाळण्याचा हा मार्ग आहे. मात्र त्यासाठी करार लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे.

या संदर्भात एक गैरसमज सर्वत्र आढळतो. करार अकरा महिन्यांचा असला की नोंदणीची गरज नाही, असे मानले जाते. १९०८ च्या नोंदणी अधिनियमात एक वर्षापेक्षा कमी मुदतीच्या भाडेपट्ट्यास सूट आहे, त्यातून हा समज निर्माण झाला. परंतु १९९९ च्या अधिनियमाच्या कलम ५५ नुसार मुदत कितीही असली तरी करार लेखी असणे व त्याची नोंदणी करणे अनिवार्य असून ती जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी नसल्यास करारातील अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, अन्यथा सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. मालकास तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. पाच वर्षांपर्यंतच्या अशा करारावरील मुद्रांक शुल्क एकूण भाडे व अनामत रकमेवरील परिगणित व्याज यांच्या केवळ ०.२५ टक्के आहे. एवढ्या अल्प खर्चाची बचत करून घरावरील ताबा संकटात टाकणे शहाणपणाचे नव्हे.

सहकारी गृहनिर्माण संस्थेतील सदनिका भाड्याने दिल्यास संस्था बिनभोगवटा शुल्क आकारू शकते. मात्र ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून अधिक असू नये, असा राज्यशासनाचा २००१ चा आदेश आहे. बांधकाम सुरू असलेल्या प्रकल्पात सदनिका घ्यावयाची असल्यास १ मे २०१७ पासून पूर्णांशाने लागू झालेल्या स्थावर संपदा कायद्यानुसार महारेराकडील नोंदणी तपासावी. वडिलोपार्जित जमीन विकून घर घेतले जात असेल तर २००५ च्या हिंदू उत्तराधिकार दुरुस्तीने कन्यांनाही सहदायिकी मालमत्तेत समान हक्क मिळालेला आहे, हे विसरता कामा नये. बहिणींच्या संमतीवाचून झालेली विक्री आणि एकाच भावाच्या नावे घेतलेली सदनिका ही पुढील पिढीच्या दाव्याची बीजे ठरतात.

८. घोषणांवर आधारित खरेदी

भाड्याचे गणित जुळत नाही असे दिसताच विक्रेता किंमतवाढीचा दाखला देतो आणि त्यासाठी एखाद्या आगामी प्रकल्पाचे नाव घेतो. या मार्गावर अशी उदाहरणे आहेत. खेड तालुक्यातील नियोजित विमानतळाच्या चर्चेने तेथील जमिनींना उठाव आला होता. २०१६ मध्ये विमानतळासाठी पुरंदर तालुक्याची निवड जाहीर झाली. पुणे-नाशिक वेगवान रेल्वेच्या मार्गाचाही खोडदच्या दुर्बिणीस बाधा येऊ नये म्हणून फेरविचार करावा लागला. प्रकल्प येतील अथवा येणार नाहीत. परंतु घोषणेच्या दिवशी किमतीत मिसळलेली वाढ खरेदीदाराने आधीच मोजलेली असते. प्रकल्प आला तर लाभ विक्रेत्याला मिळून चुकलेला असतो आणि न आला तर तोटा खरेदीदाराचा असतो. भाडेकरू मात्र आजच्या कारखान्यासाठी, आजच्या महाविद्यालयासाठी भाडे देतो.

९. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

(१) कागदपत्रे पूर्ण असलेल्या सदनिकेचे केवळ भाडे विचारात घेतल्यास ते मुदतठेवीच्या व्याजाच्या जवळपासही येत नाही. म्हणून केवळ भाड्याच्या उत्पन्नासाठी कर्ज काढून सदनिका घेणे असमर्थनीय ठरते.

(२) स्वतःच्या भांडवलातून घर घ्यावयाचे असल्यास रोजगाराची विविधता आणि आप्तांच्या आधाराने होणारी देखरेख यांच्या बळावर आंबेगाव-जुन्नरच्या कुटुंबांस पिंपरी-चिंचवडचा महामार्गालगतचा भाग इतर नगरांपेक्षा अधिक अनुकूल ठरतो. पुण्यातील एकाच क्षेत्रावर विसंबलेले भाग आणि दूरचे नाशिक त्यानंतर येतात.

(३) चाकणमधील खोल्यांचे जादा भाडे हे जोखमीचे मोल आहे. मंजूर नकाशा व बिगरशेती परवानगी असेल तरच त्याचा विचार व्हावा.

(४) लहान भांडवल असलेल्या व गावीच राहणाऱ्या कुटुंबासाठी मंचर किंवा नारायणगाव येथे राहत्या घरावर वाढवलेल्या दोन खोल्या हा पर्याय आकर्षक दिसत नसला तरी हिशेबात सरस ठरू शकतो.

(५) कालव्याच्या पाण्याखालील जमीन विकून सदनिका घेण्यापूर्वी त्या जमिनीचे खंडाने मिळू शकणारे उत्पन्न आणि सदनिकेचे निव्वळ भाडे यांची तुलना अवश्य करावी. विकलेली सदनिका पुन्हा घेता येते. महामार्गाजवळची बागायती जमीन एकदा गेली की त्याच कुटुंबाला पुन्हा घेता येणे दुरापास्त असते.

एकूणच, भाड्यासाठी घर घेण्याचा निर्णय हा नगराच्या नावलौकिकापेक्षा तेथील भाडेकरूच्या स्थितीवर आधारलेला असावा. तो कोठे काम करतो, त्याचा कारखाना बंद पडल्यास त्याला त्याच नगरात दुसरे काम मिळेल काय आणि त्याच्याशी केलेला करार नोंदणीकृत आहे काय, या तीन प्रश्नांची समाधानकारक उत्तरे मिळाल्यावरच किमतीची बोलणी सुरू करणे हितावह ठरेल. महाविद्यालयांतील अर्थशास्त्र व वाणिज्य विभागांनी आपापल्या परिसरातील प्रत्यक्ष भाडे, रिकामे महिने आणि देखभाल खर्च यांची पद्धतशीर नोंद विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांद्वारे करून घेतल्यास मंचर, नारायणगाव यांसारख्या लहान नगरांविषयी आज न मिळणारी माहिती उपलब्ध होईल आणि आयुष्यभराची बचत एका व्यवहारात गुंतवणाऱ्या कुटुंबांना तिचा थेट उपयोग होईल.